बाबांचं ताट

रात्रपाळी संपवून तो उपाशीपोटीच रक्त तपासायला आला, आणि सुई बघताच त्यानं डोळे गच्च मिटले.

"दुखेल?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मुंगी इतकी गोड नसते हो..."

प्रयोगशाळेतली ती पोरगी गालातल्या गालात हसली. "उजवा हात कामाचा ना? मग डावा द्या."

रिपोर्ट आला आणि तिचं हसू मावळलं. कोलेस्टेरॉल पार डोक्यावरून गेलेलं! त्याचे बाबा हृदयविकारानं जेवता जेवता खुर्चीतच गेले होते, आणि तो आता त्याच वयाला टेकला होता. डॉक्टर म्हणाले, "आधी पथ्य करून बघू, नाही उतरलं तर गोळ्या." झालं! ओट्स, जवस, अक्रोड, त्यांना विचारून इसबगोल आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. बिचारा सगळं गपगुमान गिळायचा. तरी दर तपासणीला आकडा वरच.

"चोरून खाता ना?"

"तुमची शपथ, नाही!"

"माझी शपथ घ्यायला मी कोण तुमची?"

"तेच तर... ठरवायचंय."

ती लाजली खरी, पण नजर पुन्हा रिपोर्टवर गेली. हा माणूस आपल्याला हवाय, आणि तो हातचा जातोय. त्या दुपारी रिपोर्ट पोहोचवायचं निमित्त काढून तिनं त्याचं घर गाठलं.

तो आत झोपला होता. टेबलावर, रिकाम्या खुर्चीसमोर वाढलेलं ताट होतं... लोण्यात तळलेली अंडी, वर मलई.

"ह्यांचं आहे," त्याची आई हळूच म्हणाली. "रोज वाढते. जेवताना कुणी बघितलेलं ह्यांना खपत नसे, म्हणून मी आत जाऊन बसते. आणि बाई गं, रोज ताट चाटूनपुसून साफ!"

पोरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोघी आत गेल्या, पण तिनं दार किंचित उघडं ठेवलं.

पावलं वाजली. तो आला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. बाबांच्या खुर्चीत बसला आणि खाऊ लागला... डाव्या हातानं.

"हे डावखुरे होते," आई पुटपुटली. डोळ्यांना धार लागली होती.

"काकू, काका येत असतील. पण लोणी लेकाच्या रक्तात साचतंय हो."

आईनं रिकाम्या होत जाणाऱ्या ताटाकडे बघत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आईनं ताटात ओट्स आणि जवस वाढले. पोरगी दाराआड होतीच. त्यानं एक घास घेतला, ताट ढकललं. आवाज त्याचा नव्हता. "मीठ कुठाय?"

आईनं पहिल्यांदाच दाराआडून उत्तर दिलं. "पोरासाठी खा हो... एवढं ऐका माझं."

खुर्ची करकरली. डावा हात पुन्हा ताटाकडे गेला.

आकडा उतरू लागला. पुढचा रिपोर्ट त्याच्या हातात देताना पोरीला रडूच फुटलं.

"अगं, उतरलंय ना? मग रडतेस काय?"

"तू मेला असतास तर मी काय केलं असतं, मूर्खा!"

"म्हणजे... ठरलं?"

"ठरलं."

त्या दुपारी ती त्याच्या घरी गेली तेव्हा ताट तसंच होतं. एका घासालाही हात लागला नव्हता. आतून त्याचं घोरणं ऐकू येत होतं. आईनं पदरानं डोळे पुसले.

"आता ते नाही यायचे. सकाळी आल्यापासून पोरगं घोरतंय, उठलंसुद्धा नाही. तू बस, बाळ. तू जेव."

पोरगी संकोचत बाबांच्या खुर्चीत टेकली.

खुर्ची कोमट होती.