पिवळ्यातून हिरवा गेला

हे घडलंय. पटत नसेल त्यांनी पान उलटावं, मी आर्जवं करणार नाही.

एप्रिल १९८७. अंधेरी. अमावस्या वगैरे काही नाही, भर दुपार. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर कॉम्प्युटरने नावं टाकून देणारं दुकान, आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा मी.

समोर वर्सोव्याचे भीमराज, बोटवाले. मुलगा धाकू याचं दुसरं लग्न. पहिली सून स्टोव्ह भडकून गेली... त्या वर्षांत स्टोव्ह सुनांवरच भडकायचे, सासवांवर कधी नाही. शेजारी नव्या नवरीची आई, सोनूबाई.

सगळी नावं हळदीसारखी पिवळी हवी होती.

पडद्यावर आली. पिवळी, पिवळी...

धाकू लाल.

धाकूची आई द्रौपदी... लाल.

"शिकलायस की नुसता चष्मा लावलायस रे?" भीमराज खेकसले.

पडद्यावरचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा एकत्र. हिरव्याची तार ढिली झाली की लाल उरतो. मी तार घट्ट बसवली.

तेच.

आणि तार ढिली असती तर सगळीच नावं लाल झाली असती. प्रोग्रॅम ओळीओळीने पाहिला. रंगाचा आकडा सगळ्यांना एकच. यादीतल्या एका काकाचं नाव धाकूच्या ओळीत टाकलं... पिवळं. धाकू काकाच्या ओळीत...

लाल.

"तुमचं टाकून बघतो," मी वैतागून म्हणालो.

भीमराज. पिवळं.

"असणारच!" ते ओरडले. "मी त्या दिवशी बोटीवर होतो!"

कुणी काही विचारलंच नव्हतं.



"कुठल्या दिवशी, व्याही?" सोनूबाईंनी विचारलं.

भीमराजांनी नजर पडद्याकडे वळवली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि माझी पोर मागायला आलात, तोंड वर करून?" त्यांनी पिशवी उचलली. "लग्न मोडलं. सांगा त्या मायलेकांना, माझी पोर तुमचा स्टोव्ह पेटवायला येत नाही."

त्या गेल्या. भीमराज बसून राहिले. मला वाटलं, लाज वाटली असेल.

कसली लाज!

"माझं पिवळंच आहे ना रे? मग झालं. मी काय केलं नाही, मला नुसतं ठाऊक होतं."

मी पडद्याकडे पाहिलं. कळफलकाला माझं बोटही लागलेलं नव्हतं.

त्यांच्या नावातला हिरवा शेवटच्या अक्षरापासून निघून चालला होता... ज... रा... म...

माझं स्वतःचं नाव मी त्या मशीनवर कधीच टाकून पाहिलं नाही.

आता मलाही ठाऊक होतं ना.