सटवाजीची हाक

परभणीहून बन्सीधर साहेब येलदरीच्या धरणावर आले ते वैशाखातल्या भर दुपारी. कचेरीतल्या कॉम्प्युटरात कुणीतरी खोट्या नोंदी करत होतं, त्याच्या चौकशीला. संशय पाणी मोजणाऱ्या मुंजाजीवर, आणि त्याच्या पेन्शनला उरलेले चार महिने.

पाणी मोजायची तिथली एक रीत होती. एकानं पायऱ्या उतरून पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा ओरडायचा, दुसऱ्यानं वरून तोच परत म्हणायचा, मगच तो मशीनमध्ये जायचा. मागच्या भादव्यात खाली जायची पाळी मुंजाजीची होती. त्यानं गुडघ्याचं निमित्त केलं आणि जोडीदार सटवाजी उतरला. आकडा काही आला नाही. मढंही सापडलं नाही. तेव्हापासून मुंजाजी ती पायरी उतरलाच नव्हता.

"मुंजाजीमामा, मशीनच्या पोटात तीन कप्पे असतात," साहेब म्हणाले. "एकात नेमणुका, खाली कोण अन् वर कोण. दुसऱ्यात हजेरी, कोण आलं अन् कोण गेलं. तिसऱ्यात आकडे. चोरी एका कप्प्यात लपली तरी दुसऱ्यात सापडते."

"मला आकडे तेवढे दाबता येतेत, साहेब. नाव वाचता येत न्हाई."

नेमणुकांतून सटवाजीचं नाव कधीच खोडलेलं होतं. हजेरीत मात्र रोज दुपारी एकला ओळ होती: सटवाजी आला. 'गेला' एकदाही नाही.

"अन् हे आकडे... अकरा फूट, सात, चार, काल एक. धरणात तर लय पाणी हाय," बोलता बोलता साहेबही गावाकडचं बोलायला लागले.

मुंजाजीनं खिडकीतून पायऱ्यांकडं पाहिलं. उन्हाळ्यानं पाणी रोज हटत होतं.

"साहेब... त्यो धरण मोजत न्हाई. त्याच्या डोस्क्यावर किती पाणी उरलंय, ते सांगायलाय."

घड्याळात एक वाजला. खोलीत ओल्या गाळाचा वास भरला. पायऱ्यांकडून, अगदी हळू, हाक आली.

"शून्य..."

"मामा, म्हणू नका..."

आठ महिने कुणी त्याचा आकडा परत म्हटला नव्हता. मुंजाजीनं डोळे मिटले.

"शून्य, सटवाजी. लिवलं रं."

पडद्यावर ओळ उमटली. साहेबांनी ती वाचून दाखवली: सटवाजी गेला. "सुटलात, मामा. तुम्ही तर माझ्यासमोर उभे होता. तसंच लिहून देतो मी."

मग मशीन बंद करायच्या आधी त्यांनी पहिला कप्पा उघडला, आणि त्यांचा हात तिथंच थबकला.

"काय लिवलंय, साहेब?"

साहेबांनी पडदा त्याच्याकडं वळवला. पडद्यावर दोनच ओळी होत्या, वर कोण अन् खाली कोण. मुंजाजीला आपलं नाव तेवढं सहीपुरतं ओळखू यायचं. ते रोज वरच्या ओळीत असायचं, आज खालच्या ओळीत होतं.

तो बसायला मागं सरला. त्याची रोजची खुर्ची ओलीचिंब होती, आणि अजून गरम.