दोघांची एकच नोना

रोदांथीच्या धाकट्या भावाने तिच्या आधी लग्न करून घेतलं, ते वर्ष १९८१. त्या लग्नात एकूण एक आत्या-मावशीने तिच्या गालाला हात लावून "आता तुझा नंबर" म्हणून घेतलं होतं. पुन्हा ईस्टरला तेच ऐकण्यापेक्षा ती त्याआधीच्या बुधवारीच लिओनिदियोला आपल्या नोनाकडे निघाली.

नोना म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांत घेणारी, तिला नाव देणारी बाई. दर ईस्टरला नोना आपल्या लेकराला मेणबत्ती देते, आणि लेकराचं लग्न होईपर्यंत देत राहते. रोदांथी सव्वीस वर्षांची झाली होती, आणि मेणबत्ती अजून चालूच होती.

एपिदाव्रोसच्या फाट्यावर ती तासभर बसची वाट पाहत उभी राहिली. लिंबोणीच्या बागांचा वास नुसता दरवळत होता. शेवटी एक निळी खटारा पिकअप तिच्यासमोर येऊन थांबली. मागे आर्टिचोकच्या काटेरी हिरव्या कळ्यांचा डोंगर रचलेला.

"बस येणार नाही," चालवणारा म्हणाला. "ड्रायव्हरची बकरी व्यायली आज."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ड्रायव्हर माझा चुलतभाऊ. बकरीही ओळखीतली."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं... पण जमलं नाही.

"नाफ्प्लियोपर्यंत सोडतो," तो म्हणाला. "फक्त ही आर्टिचोकची पाटी मांडीवर घ्यावी लागेल. मागे जागा नाही."

त्याचं नाव आर्गिरिस. कांदिया गावात त्याचा आर्टिचोकचा मळा होता. त्याचं गिऱ्हाईकही ठरलेलं. जिथे जिथे जुनं पडकं शहर, तिथे तिथे एक सरकारी राखणदार. प्रत्येक राखणदाराला एक बायको. आणि तिला ईस्टरआधीच्या उपासाच्या आठवड्यात भाजी लागणारच. त्यामुळे गाडी आधी पुरातन दगडी नाट्यगृहापाशी थांबली. राखणदाराच्या बायकोने दोघांना दोन-दोनदा कॉफी दिली, रोदांथीला नखशिखांत न्याहाळलं, आणि आर्गिरिसला म्हणाली, "बरी आहे. हिला पुन्हा घेऊन ये."

नाफ्प्लियोला पोचेपर्यंत लिओनिदियोची बस निघून गेली होती.

"तुम्ही मुद्दाम उशीर केलात," रोदांथी म्हणाली.

"पहिल्या कॉफीला नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्या कॉफीला... थोडा."

मग लिओनिदियोच्या वाटेवरच्या अस्त्रोसपर्यंत सोडायचं ठरलं. वाटेत तिरिन्थाचा पुरातन पडका कोट होता. तिथल्या राखणदाराला पाटी द्यायला ती त्याच्यासोबत आत गेली. प्रचंड दगडांमधून जाणारी ती अंधारी वाट, आणि बाहेर उतारभर लाल खसखशीची फुलं. आतले दगड काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

"हात लावून बघा," तो म्हणाला. "राजांनी नाही केलं हे. मेंढ्यांनी केलंय. पिढ्यान्‌पिढ्या पाठ घासून घासून."

तिने हात लावला. दगड गार होता. शेजारी त्याचा हात होता, चार बोटांच्या अंतरावर... ना तिने आपला काढला, ना त्याने.

"बोटाला काय झालं?" त्याने विचारलं.

"तुमच्या पाटीने ओरबाडलं."

त्याने तिला उजेडात नेऊन बोटातला काटा काढला. काटा निघाल्यावरही बोट बराच वेळ त्याच्याच हातात राहिलं, आणि याची आठवण दोघांपैकी कुणी कुणाला करून दिली नाही.

अस्त्रोसला समुद्राकाठी ते जेवायला बसले. उपास म्हणून तेल नाही, मासे नाहीत. उकडलेला ऑक्टोपस (त्याला रक्त नाही, म्हणून तो उपासाला चालतो), पाव आणि ऑलिव्ह. आर्गिरिसने खिशातला चाकू काढून एक कच्चा आर्टिचोक सोलला, आतला कोवळा गाभा काढला, त्यावर लिंबू पिळलं आणि तिच्या ताटात ठेवला.

"बस चुकलेल्या सगळ्यांना असंच वाढता?"

"आजवर कुणालाच नाही." मग तो समुद्राकडे पाहत म्हणाला, "ईस्टर झाला की तुमच्या वडिलांना भेटायला यावं म्हणतोय. आर्टिचोक घेऊन."

"त्यांना आवडत नाहीत."

"मग नुसताच येतो."

रोदांथीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आधी माझ्या नोनाला विचारायला हवं," ती म्हणाली. "स्तामातियाला. तिच्यापासून मी काही लपवत नाही."

त्याचा चाकू थांबला. "कुठली स्तामातिया?"

"लिओनिदियोची. शिवणकाम करायची ती."

त्याने चाकू मिटून खिशात ठेवला. मग म्हणाला, "ती माझीपण नोना आहे."

एका नोनाची लेकरं म्हणजे भावंडं. त्यांचं लग्न कुठलाही पाद्री लावणार नाही, आणि चर्चबाहेर लग्न तेव्हा नव्हतंच. म्हणून तर शहाणी माणसं एकतर मुलींचीच नोना होतात, नाहीतर मुलांचीच. स्तामातियानेही जन्मभर मुलीच घेतल्या होत्या. फक्त एका पोराला ती दरवर्षी बसने मेणबत्ती पाठवायची, हे रोदांथीला ठाऊक होतं. त्या पोराला मिशा असतील हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आर्गिरिसने सांगितलं. तो पार्नोन डोंगरावर, मेंढपाळाच्या झोपडीत जन्मला. निळा पडलेला, श्वास नाही. पाद्री खाली गावात. अशा वेळी कुणीही बाळाला तीनदा हवेत उचलून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, तरी बाप्तिस्मा होतो. कपडे शिवायला आलेल्या स्तामातियाने त्याला उचललं, आणि तो रडला. "आई अजून भेटली की तिच्या हातांचे मुके घेते," तो म्हणाला.

रोदांथी उठली. "चला."

"कुठे?"

"तिच्याकडे. मी तुमची बहीण आहे, हे मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर. वाटेत एकदा तो म्हणाला, "गाडी हळू चालवतोय, माफ करा." ती म्हणाली, "आणखी हळू चालवा."

ईस्टरसाठी स्तामातिया अंगणाला चुना लावत होती. दोघांना एकाच गाडीतून उतरताना पाहून तिने कुंचला बादलीत टाकला. रोदांथीने सगळं सांगितलं, काटासुद्धा. म्हातारी पायरीवर बसली.

"आर्गिरिस, इकडे ये," ती म्हणाली. "मी ते शब्द म्हटलेच नव्हते."

"कुठले शब्द?"

"देवाच्या नावाचे. पाठ होते मला. पण तू निळा पडला होतास रे... तिन्ही वेळा मी तुला वर उचललं, आणि तिन्ही वेळा एवढंच म्हणाले — मरू नकोस. मग तू रडलास, आणि तुझ्या आईने माझे पाय धरले. त्या बाईला मी काय सांगणार होते?"

"म्हणजे मी एकोणतीस वर्षं बाप्तिस्म्यावाचून हिंडतोय?"

"तसं नाही. महिन्याने पाद्रीबाबांनी तुला चर्चमध्ये पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला. बाईमाणसाच्या बाप्तिस्म्यावर त्यांचा भरवसा नव्हता. नोनाने लावायचं तेल तुझ्या मामाने लावलं; सगळ्यांनी धरलं, तो नुसता माझ्या जागी उभा आहे. तुझा खरा नोनोस, धर्मपिता, तो. मी कुणीच नाही." तिने हाताने नव्हे, कोपराने डोळे पुसले, हात चुन्याचे होते. "मला एक मुलगा हवा होता. मिळाला, तो मी ठेवून घेतला. आता पाद्र्यालाही सांगते, तुझ्या आईलाही."

"ती तुझ्याशी बोलायची नाही, नोना."

"नाही बोलली तर नाही बोलली. तुम्ही दोघं असे उतरलात गाडीतून... मी काय डोळे मिटून घेऊ?"

आर्गिरिस तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मग त्या दिवशी मी कुणाचं ऐकून रडलो?" त्याने विचारलं, आणि तिचा हात ओठांना लावला.

"अरे, चुना आहे. तोंड भाजेल," ती म्हणाली, पण हात तिने काढून घेतला नाही.

शुक्रवारी तिने पाद्र्याला सांगितलं, शनिवारी आर्गिरिसच्या आईला. आई चाळीस दिवस बोलली नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी ती स्वतः भाजलेला पाव घेऊन लिओनिदियोला आली. "देवाने तुझंच ऐकलं होतं," एवढंच म्हणाली, आणि पूर्वीसारखेच तिच्या हातांचे मुके घेतले.

सप्टेंबरात लग्न झालं. वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करायला स्तामातियाच उभी राहिली. तिसऱ्या वेळी रोदांथीचा मुकुट नाकावर घसरला. ती त्याच्याआडून हसली, आणि आर्गिरिसने तो हलकेच वर केला.

त्यांना दोन मुली झाल्या. आपलं घर कुणाच्या खरं बोलण्यावर उभं आहे, हे त्या दोघी चालायला लागण्याआधीच शिकल्या.

स्तामातिया १९९४ साली, अकरा फेब्रुवारीला, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी कांदियाला आर्गिरिस आणि रोदांथीच्या घरी वारली.