तपासणाऱ्याची सही

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. समोर आलेला प्रत्येक तुकडा चुकीचाच आहे असं धरून मोजायला लागायचं, हेच माझं काम होतं. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. दुधाचं माप, औषधाच्या गोळ्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मी पुन्हा एकदा तपासतो. बायको म्हणते, "लग्नात मला तेवढं न मोजता घेतलंत. अजून पस्तावताय का?"

तिचं काम आवाजाचं. बसस्थानकावर काचेच्या छोट्या खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करते. सव्वीस वर्षं रोज तोच स्वच्छ, न घाई करणारा आवाज. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. घरी आली की ओट्याशी उभी राहून गुणगुणायची. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते गुणगुणणं थांबलं की घर रिकामं वाटायचं.

गिटारचे सुटे भाग मुलीने पाठवले. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. फोनवर म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. आता स्वतः काहीतरी बनवा आणि आईला काढू द्या चुका."

खोक्यात एकसष्ट भाग होते. यादीतही एकसष्टच. मी दोनदा मोजले. पुढची पातळ फळी, मागची फळी, वाफेवर वाकवलेल्या दोन कडा, दांडा, खुंट्या, तारा पेलणारी घोडी, आतून चिकटवायच्या आधारपट्ट्या. मागच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडलं आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन बसलो.

पहिला महिना बरा गेला. आधारपट्ट्या तासून फळीवर टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा, असं माहितीपत्रकात होतं. माझा कानावर विश्वास नाही, म्हणून मी नाद किती टिकतो ते स्टॉपवॉचवर मोजलं. पावणेदोन सेकंद. पुन्हा पुन्हा मोजलं, पावणेदोनच. एकदा फळी दोन बोटांत धरून उभा होतो आणि स्वयंपाकघरात बायको गुणगुणत होती. फळी माझ्या बोटांत थरथरली. ती थांबली, फळी थांबली. पातळ लाकूड आहे, थरथरणारच. मी वहीत तशी नोंद केली.

चूक केली ती पुढे.

मागची फळी चिकटवण्याआधी बनवणाऱ्याने हवं तर आत आपलं नाव लिहावं, असं पत्रकात होतं. पण आमच्या कारखान्याचा पक्का नियम होता. ज्याने बनवलं त्याने पास करायचं नाही. दुसऱ्याची सही हवीच. मी पेन्सिलीने आतल्या बाजूला दोन ओळी आखल्या. 'बनवणारा'समोर मी सही केली आणि बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली. "ही सही पुढे दिसणार कुणाला?"

"कुणालाच नाही. फोडली तरच."

"मग मी नक्की काय पास करतेय?"

"आवाज," मी म्हणालो. "तुझ्याइतका त्यातला जाणकार घरात कोण आहे?"

तिने फळीवर टिचकी मारली, कान जवळ नेला, खोट्या गांभीर्याने मान डोलावली. "पास." मग 'तपासणारा'समोर आपली लांब शेपटीची सही केली. मी सरस लावला, क्लॅम्प आवळले आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला.

आधी मी लाकडाच्या भुशाला दोष दिला. दाराच्या फटीत ओला कपडा लावला. मग सरसाचा वास, मग कामावरचं थंड पाणी. घोडी चिकटवली त्या दिवशी तिला फक्त कुजबुजता येत होतं. सहा तारा चढवून स्वरात लावल्या त्या दुपारी तेही गेलं. ओठ हलत, बाहेर काही येत नसे.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं साफ. पाठीवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं. ठोकून तपासायची पद्धत ओळखीची, म्हणून मी नीट ऐकलं. छोटा मऊ आवाज आला आणि जागच्या जागी विरला. "विश्रांती द्या," डॉक्टर म्हणाले.

आवाज पुरता गेल्याच्या आठव्या दिवशी स्थानकप्रमुखांचं पत्र आलं. सोमवारपर्यंत रुजू न झाल्यास घोषणांसाठी यंत्र बसवण्यात येईल. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि पाटीवर मला लिहून दाखवलं, 'यंत्र चुकणार तरी नाही.' ती हसत नव्हती. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, त्यातही मनात पाल चुकचुकली. नोकरीला कंटाळून ही नाटक तर करत नाही ना?

शनिवारी सकाळी तारा फार उंच बसल्यात असं दिसलं. घोडीवरची पट्टी घासायला हवी होती, म्हणून मी सगळ्या तारा सैल सोडल्या.

"अहो, चहा टाकू का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी धावत गेलो. ती गळ्यावर हात ठेवून उभी होती. रडत होती, बोलत होती, पुन्हा रडत होती. मग तिने बहिणीला फोन लावला.

मी मागच्या खोलीत परत आलो. दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे ती बहिणीशी बोलत होती, "अगं, आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, एकदम..." मी खुंट्या पिळायला लागलो. एकेक तार चढत गेली तसा तिचा आवाज विरत गेला. वाक्य अर्ध्यावर तुटलं. उरलेलं अर्धं माझ्या मांडीवरच्या पेटीत थरथरलं. मी कान लावला नाही.

तारा सोडल्या. आवाज आला. एका मापावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही, म्हणून आणखी दोनदा केलं. तीनदा मी तिचं तोंड बंद केलं, आणि तिला ते ठाऊक नाही. याची मला अजून लाज वाटते.

तारा सैल ठेवून गिटार कोपऱ्यात उभी करता आली असती. पण नापास माल तसाच ठेवायचा नसतो, चुकून कुणाच्या हाती जातो. तो कापूनच टाकायचा. एकतीस वर्षं मी तेच केलं होतं.

सुरी तापवून मी मागची फळी सोडवली. आत माझी सही होती. 'तपासणारा'समोर काही नव्हतं. खोडल्याची खूण नाही, पेन्सिलीचा दाब नाही. भिंग लावून पाहिलं, कोरं लाकूड.

मी करवत घेतली.

पुढची फळी मधोमध कापत होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. गिटारचं काय करताय, असं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "पाठीत उसण भरली बघा." आवाज खणखणीत होता.

सोमवारी ती रुजू झाली. मी मागोमाग गेलो आणि लाउडस्पीकरखालच्या बाकावर बसलो. बायकोवर पाळत ठेवायला जाणारा नवरा, दुसरं काय. तिने पहिली घोषणा केली. शेजारचा हमाल म्हणाला, "बाई परत आल्या. आवाज आधीपेक्षा गोड झालाय."

खरंच झाला होता.

बटण बंद झाल्याची टिक ऐकू आली. त्यानंतरही हवेत काहीतरी गुणगुणत राहिलं. दुसऱ्या घोषणेनंतर मी घड्याळ काढलं.

संध्याकाळी पाणी पिताना तिला ठसका लागला. ती वाकली, खोकायला लागली. कुठलाही नवरा करेल तेच मी केलं. तिच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

मग थांबलो. बोट वाकवून, अगदी हळू, एक टिचकी मारली. आतून फळीसारखा नाद आला.

ती सरळ झाली, डोळे पुसले, माझ्याकडे वळून हसली. "काय, पास ना?"

मी मोजत होतो. तिचे ओठ मिटले होते, आणि त्या शब्दांचा नाद अजून येत होता.

पावणेदोन सेकंद.