दुसरी रेघ

हरेश भोईरचं डोकं फिरवायला सोसायटीच्या गच्चीवरचा एक हॅलोजन पुरेसा होता. सेक्रेटरी शांतारामकाकांनी चोरांच्या भीतीने तो बसवला आणि बटण मात्र तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत ठेवलं. म्हणजे जानेवारीत साडेसातला जूचंद्रच्या आभाळात कृत्तिका माथ्यावर आल्या, की हरेशने सात मजले उतरून दिवा बंद करायचा आणि पुन्हा वर यायचं. लिफ्ट चालू असली तर नशीब. काकांना तीनदा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा काकांनी चंद्रावर पाणी दिसतं का, एवढंच विचारलं.

दुर्बिणीचा सहा इंची आरसा हरेशने स्वतः घासून घडवला होता. खोकं प्लायवुडचं, ओबडधोबड. पण नजर त्याची तीक्ष्ण होती. नायगावच्या एका टॉवरच्या साइटवर तो क्रेन चालवायचा आणि वरच्या केबिनमधून खालच्या माणसाच्या बोटांची खूण ओळखायचा. दरवर्षी डोळे तपासून दाखला मिळाला तरच केबिनमध्ये चढता येई. यंदाची तपासणी सोमवारी होती. तिची काळजी करायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचा कौस्तुभ गच्चीवर हरेशच्या शेजारी आपली विकतची दुर्बीण लावायचा. प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणे आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची नळी थोडी आतबाहेर करावी लागते, म्हणून दोघांनी आपापल्या नळीवर पेन्सिलीने स्वतःची रेघ मारली होती. पाहुण्याने बघून झालं, की नळी पुन्हा रेघेवर आणायची. हा नियम दोघांनी कधी मोडला नव्हता.

मंगळवारी हरेश दिवा बंद करून धापा टाकत वर आला, डोळा लावला, तर कृत्तिकांचे नुसते डाग पसरलेले. नळी रेघेच्या आत गेली होती, तांदळाच्या एका दाण्याइतकी. एवढी आत ती फक्त लांबचं न दिसणाऱ्याला, जाड भिंगाचा चष्मा काढून बघणाऱ्याला लागते. कौस्तुभला चष्मा नव्हता.

बुधवारी तेच. गुरुवारीही तेच, अगदी तेवढंच.

"कोणाला आणतोस रे वर?" हरेशने विचारलं.

"कोणालाच नाही. मी माझ्या दुर्बिणीपासून हललोसुद्धा नाही."

"मग नळी आपोआप सरकते का?"

कौस्तुभने दुर्बीण गुंडाळली आणि तो निघून गेला. हरेशला वाईट वाटलं, पण रागापुढे त्याचं काही चाललं नाही.

शुक्रवारी त्याने गच्चीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि मग दिवा बंद करायला उतरला. परत आला तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. नळी आत गेलेली. भिंगावर वाफ धरली होती, डोळा फार वेळ जवळ राहिला की धरते तशी. त्याने बोट लावलं. भिंगाची कड कोमट होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान मोजमाप तरी हाताशी असावं, म्हणून त्याने नळी जिथे थांबली होती तिथे दुसरी रेघ मारली.

शनिवारी त्याच्या स्वतःच्या रेघेवर कृत्तिका सुट्या होईनात. नळी जराशी आत सरकवल्यावर जमलं. खाडीची हवा, प्लायवुड फुगलं असेल, असं म्हणून त्याने प्लायवुडलाच चार शिव्या घातल्या. रविवारी आणखी आत सरकवावी लागली. आता तो दोन रेघांच्या मधोमध होता.

खाली येऊन त्याने सगळं आईला सांगितलं. रंभा बोंबील साफ करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कोन बगतंय त्याला बगू दे," ती म्हणाली. "तू नको आडवा जाऊ."

कोण, असं त्याने विचारलं. ती नळाखाली हात धुवायला उठली.

सोमवारी डाव्या डोळ्याने त्याने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. उजव्या, दुर्बिणीला लावायच्या डोळ्याला सगळ्यात वरचं मोठं अक्षरही दिसलं नाही. दोन्ही डोळे उघडे असताना हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"उणे सहा," डॉक्टर म्हणाले. "हा नंबर एका आठवड्यात येत नाही. चष्मा घरी विसरलात ना?"

आठवड्यापूर्वी काहीच नव्हतं, हे त्याने परोपरीने सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर अपात्रतेचा शिक्का मारला. दुपारी साइटवर केबिनची किल्ली काढून घेतली. एवढ्या वर्षांचं काम, आणि एका शिक्क्यात संपलं.

संध्याकाळी तो गच्चीवर गेला. दुर्बीण मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली आणि नळी मुकाट्याने दुसऱ्या रेघेवर नेली.

सगळं लख्ख दिसलं. मधले चार बारीक तारे एकमेकांपासून सुटे, भोवती हिरवट धूसर पंख. एवढा स्वच्छ तेजोमेघ त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याला रडू आलं, संतापानेच.

डोळे पुसायला तो दोन पावलं मागे सरला.

मागे बारीक खरखर झाली.

नळी बाहेर येत होती. हळूहळू, सवयीच्या हाताने ओढल्यासारखी.

ती पहिल्या रेघेवर, हरेशच्या चांगल्या डोळ्याच्या रेघेवर येऊन थांबली. मग भिंगावर वाफ धरू लागली.