देवीदासची सीट

लाइट येईल तेव्हा येईल. सतरंजी अंथरा, पाण्याचा तांब्या जवळ घ्या, अन् ऐका. ही गोष्ट आपल्या जठारपेठेतल्या गोपाल फुलवाल्याची, आणि गेल्याच सालची आहे. मे अखेरचा नवतपा, त्याचा दुसरा दिवस, त्यात अमावास्या. रात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नव्हती, एवढी धग.

त्या संध्याकाळी गोपाल दर्यापूरला गेला होता. काम साधं. गाडीच्या टपावर सामान बांधायला वेल्डिंगवाल्याकडे कॅरिअर करायला टाकलं होतं, ते बसवून आणायचं. पहाटे लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. आधी गुहागरला जाऊन समुद्रात पाय बुडवायचे, तिथून माघारी फिरून नागपूर, जबलपूर, गोरखपूर करत सुनौलीला हद्द ओलांडायची, नेपाळात शिरायचं, आणि थेट वर, बर्फाच्या डोंगरांतलं मुक्तिनाथ. डोंगरावर जायचं तर आधी उलटं समुद्राकडे कशाले, असं सारी पेठ त्याला चिडवायची. गोपाल एवढंच म्हणे की देवीदासनं असंच ठरवलं होतं.

देवीदास, गोपालचा देवा, दर्यापूरचा. तो झेंडू पिकवायचा, गोपाल अकोल्यात विकायचा. बारा गावं फिरलेला दोस्ताना. मळ्यात गाडी उभी असली की देवीदास धुळीनं भरलेल्या बॉनेटवर बोटानं खाली समुद्र काढायचा, वर डोंगर काढायचा, मधे नागमोडी रेघ. मागच्या सीटा पाडून सामान भरू, गाडी तू चालव, रस्ता मी सांगतो, समोरची डावी सीट माझी. तीन वर्षं हेच. माघात निघायचं पक्कं झालं, आणि माघातच साध्या तापाचं निमित्त होऊन देवीदास गेला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. त्याची माय पार्बताबाई पदर पसरून म्हणाली, तुझ्या पोरीला उघडं पडू देणार नाही. भावानं मळ्याचं वचन दिलं. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं, भटजी घाम पुसून थकले. शेवटी गोपाल पुढं झाला, हात जोडले.

"देवा, तुह्या सीटवर मी कोनाले बसू देनार नाई."

शब्द संपला आणि कावळा उतरला.

आता आम्ही दुकानदार माणसं. जिवंत गिऱ्हाइकाला दिलेला शब्द कधीकधी फिरवावा लागतो. फिरवला, तर दोन चहा पाजतो, चार गोड गोष्टी बोलतो, आणि ते हसून दुसऱ्या दिवशी परत येतं. मेलेल्याला चहा कसा पाजणार?

गोपालनं बेत सोडला नाही, देवीदाससाठीच जायचं म्हणाला. पण बायको हर्षा आडवी आली. एकट्याला नेपाळात जाऊ देणार नाही, माझ्या भावाला संगं न्या. भाऊ म्हणजे ललित. एकुलता एक, हसरा पोरगा, गाडी झकास चालवायचा. गोपालनं दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. नदीवरच्या शब्दाचं घरात काही बोलला नाही. बायकोनं वेडा म्हटलं असतं.

तर कॅरिअर बसवलं, आणि निघताना पार्बताबाईच्या पाया पडायला गेला. म्हातारीनं पाणी दिलं. मग विचारलं, "डाव्या अंगाले कोन बसन, बावा?"

"कोनी नाई, माय. रिकामीच राहीन."

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग ठीक हाये," म्हणाली.

दर्यापूर सुटलं तेव्हा रात्र चढली होती. रस्त्याला चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. पूर्णेचा पूल जवळ आला, आणि गाडीत बारीक आवाज सुरू झाला. टिंग... टिंग... टिंग...

डाव्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, की गाडी तसं वाजते.

गोपालनं पाहिलं. सीट रिकामी. वर पिशवी नाही, कापड नाही. वायर हलली असेल, असं मनाशी म्हणाला. आवाज थांबेना. पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी उभी केली. वाकून डावा पट्टा ओढला, खटकन अडकवला.

आवाज थांबला.

पट्टा मात्र सीटला टेकला नाही. पुढं फुगून राहिला. एका छातीएवढा.

गोपाल आपल्या दाराला टेकून बसला. म्हणाला, "देवा... उद्या सांगतो ललितले."

टिंग... टिंग...

पट्टा तर लावलेला होता.

"आताच. घरी गेल्या गेल्या सांगतो. तो नाई येनार."

शांत.

मग अकोल्यापर्यंत त्यानं डावीकडे मान वळवली नाही. शेजारी कोणीतरी श्वास... नाही. श्वास नव्हताच. तेच वाईट होतं.

गल्लीत गाडी लावली तर सारं घर जागं. हर्षा दशम्या बांधत होती. पिशव्या गाडीत भरल्या, टपावर सामान चढवलं, ताडपत्री आवळली. गोपालनं हळूच डावीकडे पाहिलं. पट्टा आपल्या जागी, सैल लोंबत होता. त्याला जरा धीर आला. अन् माणसाला धीर आला, की शब्द मागं पडतो.

ललित म्हणाला, "भाऊजी, मी गाडीतच पडतो. सामानाले राखण होते, अन् घरापेक्षा वारा तरी लागन."

हीच वेळ होती. गोपालनं तोंड उघडलं. दारात हर्षा उभी, चेहऱ्यावर असा आनंद, की भाऊ संगं आहे, आता नवऱ्याची काळजी नाही. 

"मांगं झोप," गोपाल एवढंच बोलला.

"मांगं पाय टाकाले जागा हाये का?" ललित हसला. डावी सीट मागं पाडली, चारही काचा खाली केल्या, चपला काढल्या, आणि आडवा झाला. चावी गोपालच्या उशाशी. इंजिन बंद.

गोपाल खाटेवर पडून ऐकत होता. सकाळी सांगू. निघताना सांगू. गाडी काही वाजली नाही. पहाटेआधी जरा त्याचा डोळा लागला.

हर्षा चहा घेऊन गाडीशी गेली. भावाच्या खांद्याला हात लावला. आणि झटकन मागं घेतला.

ती खाटेशी आली. गोपालला हलवून उठवलं.

ललित सीटवर नीट बसलेला होता. टक लावून समोर... रस्त्याकडे. ओठ निळे. अंगाला घाम नाही. छाती हलत नव्हती.

दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर, उमेदीची वर्षं लष्करात, डोंगराळ हद्दीवर काढलेले. बाहेर सकाळीच झळा सुटल्या होत्या. त्यांनी डोळे पाहिले, छाती पाहिली. मग ललितचे दोन्ही हात उचलून उजेडात धरले. दहाही बोटांची टोकं काळी पडली होती. कोळशासारखी. मग ते पायांकडे वळले. ललित अनवाणी होता. पायाची बोटंही तशीच.

 डॉक्टरांनी गोपालला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं,

"हा बर्फातून कधी परत आला?"