आत कुणी राहिलं का?

काम तसं साधं होतं. मामाच्या खोलीवर जायचं, त्याचा टाइपरायटर उचलायचा, बाकीचं रद्दीवाल्याच्या हवाली करायचं आणि सहाच्या आत घरमालकाच्या हातात किल्ली ठेवायची. मामाला जाऊन महिना झाला होता. महिनाभर घरात सगळे त्याच्याबद्दल हळू आवाजात आणि चांगलं बोलत होते. जिवंतपणी नेमकं याच्या उलट चालायचं.

"टाइपरायटर तेवढा आण," बाबा म्हणाले होते. "बाकी भुताखेतांचा कचरा घरात नको. एक नमुना आहे तेवढा पुरे."

तो नमुना म्हणजे ठिणगी. हे नाव मामाने ठेवलेलं, कारण ती लहानपणी कशावरूनही पेटायची. आता ती एकवीस वर्षांची होती, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, आणि भयकथा लिहून, स्वतःच छापून, स्वतःच विकत होती. म्हणजे हुबेहूब मामा. घरच्यांच्या दृष्टीने एका खानदानात हा रोग दोनदा लागला होता.

तीन जिने चढून तिने कुलूप काढलं. दार उघडताच डिंकाचा वास आला आणि तिचे पाय उंबऱ्यातच थांबले. वास तोच होता, रविवारचा.

मामा एका सरकारी कचेरीत लिफ्टमन होता. दिवसभर माणसं आत घ्यायची, वर न्यायची, बाहेर सोडायची. संध्याकाळी लिफ्ट बंद करताना तो जाळीवर तीनदा ठोकायचा आणि विचारायचा, "आत कुणी राहिलं का?" रिकामी लिफ्ट समोर दिसत असली तरी विचारायचा. मग घरी येऊन लिहायचा. कुठल्या प्रकाशकाच्या दारात तो कधी उभा राहिला नाही. स्वतः टाइप करायचा, शंभर प्रती काढायचा, घड्या घालायचा, मेणाच्या दोऱ्याने शिवायचा, पुठ्ठ्याला डिंक लावायचा. अशी सतरा पुस्तकं. न्हाव्यांच्या दुकानात, दवाखान्यांच्या बाकांवर, पानाच्या टपऱ्यांवर ती वाचली जायची. घरात एकानेही त्यातलं एकसुद्धा वाचलं नव्हतं. मोठ्या माणसांची ही खासियत असते. न वाचता मत ठाम.

ठिणगी मात्र वाचायची. त्याहून आधी ती खेळायची, कारण मामाकडे घर होतं. पुठ्ठ्याचं, अख्ख्या टेबलभर पसरलेलं, वरून उघडं. मामाच्या सगळ्या गोष्टी त्या एकाच घरात घडायच्या. दर दोनेक पुस्तकांमागे तो त्याला एक खोली जोडायचा. भिंती पुठ्ठ्याच्या, दारांना कापडी बिजागऱ्या, तारेच्या कड्या. माणसं म्हणजे बटणं. म्हातारा जमीनदार पितळी बटण, त्याची सून मोत्याच्या रंगाचं, डॉक्टर काळं. गोष्टीत माणूस एका खोलीतून दुसरीत गेला की मामा बटण सरकवायचा आणि मगच वाक्य टाइप करायचा.

"मामा, भुताचं बटण कुठलं रे?" सात वर्षांच्या ठिणगीने विचारलं होतं.

"भुताला बटण नसतं. ते आधीपासूनच आत असतं. आपण लक्ष ठेवायचं ते आत जाणाऱ्यांवर. ज्याला आत नेलंस त्याला बाहेर काढायची जबाबदारी तुझी."

"आणि मेला तर?"

"मेला तरी बाहेर. आत ठेवायचं नाही कुणाला."

पुस्तक संपलं की तो टेबलावर तीनदा ठोकायचा. "आत कुणी राहिलं का?" मग ठिणगी खोलीखोलीत बोट फिरवून बटणं गोळा करायची, डब्यात टाकायची आणि ओरडायची, "कुणी नाही!" त्यानंतरच शेवटचं वाक्य टाइप व्हायचं. तिच्या आयुष्यात तेवढा सुखाचा आवाज पुन्हा झाला नाही.

ती लिहायला लागली तेव्हा त्याला वाचून दाखवायची. मामा डोळे मिटून ऐकायचा. खोटं वाक्य आलं की खोकायचा. दोनदा, कोरडं. शब्दाने काही बोलायचा नाही. ती चिडायची, वाक्य खोडायची, पुन्हा लिहायची. "कुणीतरी दार उघडलं" असं लिहिलं की हमखास खोकला. "कुणीतरी म्हणजे कोण? बटण दाखव."

आणि हाच माणूस, तिने कॉलेज सोडल्यावर, तिच्याकडे न बघता म्हणाला होता, "डिग्री तेवढी घे गं. मग लिही काय ते."

"तूसुद्धा?" ती किंचाळली होती. "खोटं वाक्य बोलतोयस मामा. आता खोक ना! खोक!"

तो खोकला नाही. ती गेली ती आठ महिने फिरकली नाही. मध्ये एकदा आईने निरोप आणला होता, "मामा म्हणतोय, ये म्हणावं. आठव्या खोलीचं दार जमत नाहीये." ठिणगीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंधरा दिवसांनी मामा त्याच टेबलावर डोकं ठेवून गेलेला सापडला. मावशी, जी सहा वर्षांत त्याच्याकडे चहालाही आली नव्हती, सगळ्यांत मोठ्याने रडली. त्याच्या शर्टाची गळ्याखालची जागा उघडी पडलेली बघून म्हणाली, "साधं बटण लावून द्यायलाही कुणी नव्हतं गं त्याला."

आता दुपार कलायला आली होती. खिडकीतून आडवं ऊन टेबलावर पडलं होतं आणि पुठ्ठ्याच्या भिंतींच्या सावल्या एकमेकींत शिरल्या होत्या. टाइपरायटरवर कागद लावलेलाच होता. शेजारी अठराव्या पुस्तकाची पानं. ठिणगी उभ्यानेच वाचत गेली आणि मग हळूच खुर्चीत बसली. सतरा पुस्तकांत मामा कुठेच नव्हता. सगळीकडे तो, ती, ते. या पुस्तकात "मी" होता. घरात एकटा फिरणारा, दारं तपासत जाणारा. आणि मशीनवरच्या कागदावर शेवटच्या दोन ओळी.

मी आठव्या खोलीत गेलो. मागून कडी लागली.

ठिणगीने घरात बघितलं. सात खोल्या रिकाम्या. आठवी नवी, डिंक अजून पिवळा न पडलेली. तिची कडी बाहेरून होती, आणि लागलेली होती. आत, भिंतीशी, एक तपकिरी चार भोकांचं बटण. त्यात तुटक्या दोऱ्याचा शेपटा अडकलेला. शर्टावरून ओढून काढलेलं.

"मूर्ख म्हातारा," ती पुटपुटली. "स्वतःला आत घातलंस आणि कडी बाहेरून? कोण काढणार होतं तुला?"

ती काढणार होती. निरोप त्याचाच होता. हे तिला कळलं, आणि तेवढ्यात टेबलावरून आवाज आला.

खोकला. दोनदा. कोरडा. पण लहान... पुठ्ठ्याच्या भिंतीआडून यावा तेवढा.

तिने खिडकीकडे बघितलं, जिन्याकडे कान दिला. खाली कुणाचा तरी नळ वाहत होता. खोलीत डिंकाच्या वासाखाली दुसरा एक वास चढत होता, तेलाचा आणि लोखंडाचा, बंद लिफ्टचा.

"मामा...?"

पुठ्ठ्यावर नख घासल्यासारखा आवाज झाला आणि थांबला.

ती पळाली नाही. पळणाऱ्यांना मामाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात मारलेलं असायचं. तिने घड्याळ बघितलं, पाच वाजले होते. बाबा रद्दीवाल्याला घेऊन साडेपाचला येणार होते. घर रद्दीत गेलं की मामा आतच. तिने खुर्ची पुढे ओढली आणि टाइप केलं.

कुणीतरी बाहेरून कडी काढली.

खोकला आला. दोनदा.

"बरं बरं!" तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मेलास तरी खोड गेली नाही तुझी."

तिने ती ओळ खोडली. मग डाव्या मनगटावरचं बटण दातांनी तोडलं. फिकट निळं, दोन भोकांचं. घराच्या पुढच्या दारातून आत घातलं, बोळातून सरकवत नेलं, आठव्या खोलीपाशी थांबवलं. आणि टाइप केलं.

भाचीने कडी काढली. यायला तिला उशीर झाला होता.

ती थांबली. खोकला आला नाही. तिने बोटाच्या टोकाने तारेची कडी वर उचलली, आणि दार तिने ढकलण्याआधीच हळू बाहेर आलं. आतल्या हवेत गारवा होता. तपकिरी बटण भिंतीपासून दारापर्यंत कधी आलं होतं ते तिने पाहिलं नव्हतं. मग ती एकेक वाक्य लिहीत गेली, एकेक खोली मागे टाकत. सातवी, सहावी, पाचवी, बोळ, चौथी. एकही वाक्य खोटं नव्हतं, कारण एकदाही खोकला आला नाही. लहानपणीच्या रविवारांसारखं वाटत होतं. फक्त मागे, आठव्या खोलीच्या दिशेला, काहीतरी हलकंसं टेकल्यासारखं वाजत होतं, आणि तिकडे ती बघत नव्हती.

तो बाहेर आला, तिने टाइप केलं आणि तपकिरी बटण उचलून खिशात टाकलं.

त्याच क्षणी खालून बाबांची हाक आली. "ए ठिणगे! झोपलीस काय वर? माणूस खोळंबलाय!"

तिने कागद ओढून काढला, पानं काखेत मारली, टाइपरायटर पोटाशी धरला आणि निघाली. जिन्यात बाबा आणि रद्दीवाला वर येत होते.

"ते घर तसंच ठेवा, मी न्यायला येतेय," ती म्हणाली.

"हो हो," बाबा म्हणाले. हो हो म्हणजे नाही, हे मोठ्यांच्या भाषेत तिला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण ओझ्याने हात तुटत होते.

खाली गाडीत टाइपरायटर ठेवताना डाव्या हाताची बाही लोंबली. ती बाहीकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. टेबलावर तीनदा ठोकायचं राहिलं होतं. विचारायचंच राहिलं होतं, आणि तिचं निळं बटण आतच होतं.

ती दोन-दोन पायऱ्या टाकत सुटली. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर तिला वरून आवाज आला, पुठ्ठा मोडल्याचा, आणि तिचा श्वास बंद झाला. जिना गेला. उजेड गेला. चारही बाजूंनी काहीतरी जवळ आलं, तेलाचा आणि लोखंडाचा वास नाकातोंडात भरला. अगदी मागे, मानेपाशी, कुणाचा तरी श्वास चालू होता. तो सावकाश होता. त्याला कसलीच घाई नव्हती. मग कुठूनतरी तीन ठोके पडले, आणि डाव्या मनगटाला एका हाताने धरलं. डिंकाने खरखरीत झालेली बोटं. त्यांनी तिला ओढलं.

ती पायरीवर बसलेली होती. बाबा वरून वाकून बघत होते.

"काय झालं? पांढरी पडलीयेस."

ती त्यांना ढकलून वर गेली. घर जमिनीवर सपाट पडलं होतं. त्यावर बाबांच्या बुटाचा ठसा होता. तिने गुडघ्यावर बसून एकेक भिंत उलटली, बोटं फिरवली. निळं बटण नव्हतं.

"बटणासाठी एवढा तमाशा?" बाबा म्हणाले. "तुझ्या मामानेही जन्मभर हेच केलं. काय मिळालं त्याला?"

ती भांडली नाही, भिंती उलटत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. बाबांनाच जरा भीती वाटली असावी, कारण ते गुपचूप खाली गेले.

घरी येऊन हात धुताना ती बाही वर सारायला गेली तर ती सरेना. बटण लागलेलं होतं. तेच निळं, दोन भोकांचं. जाड पांढऱ्या मेणाच्या दोऱ्याने शिवलेलं, आणि खाली पुस्तकाच्या कण्याला मामा मारायचा तशी दुहेरी गाठ.

तिने घाईने खिसा चाचपला. मग उलटा केला. तपकिरी बटण नव्हतं.

या गोष्टीला वर्ष होत आलं. ठिणगीच्या टेबलावर आता नवीन घर आहे, आठ खोल्यांचं, मामाच्या मापाबरहुकूम. आठव्या खोलीच्या दाराला तिने कडीच केलेली नाही. अठरावं पुस्तक छापायचं थांबलंय, कारण शेवट होत नाही. तिने पहिल्यासारखंच लिहून बघितलं. मग वेगळ्या वाटेने. खिडकीतून. छपरावरून. दर संध्याकाळी ती खुर्चीत बसून शेवट मोठ्याने वाचते, आणि "तो बाहेर आला" या वाक्याला आठव्या खोलीच्या पुठ्ठ्याआडून खोकला येतो. दोनदा, कोरडा. ती शिव्या देते, कागद फाडते, नवा लावते. खरं सांगायचं तर तिला तो आवाज आवडतो. घरात तिचं लिखाण ऐकणारं तेवढं एकच माणूस आहे.

काल तिने एकोणचाळिसावा शेवट वाचला. वाक्यापाशी आली आणि थांबली. खोकला आला, दोनदा, नेहमीचा. ती हसली, खोडायला पेन्सिल उचलली.

मग त्याच आठव्या खोलीतून, जरा मागच्या भिंतीकडून, दुसरं कुणीतरी खोकलं.